काहिलीवरची वाफ आणि ताराबाई रोडची संध्याकाळ

मंडळी, नोव्हेंबरात ठरवलं होतं की स्वतःसाठी काढायचे फोटो तीन महिने फक्त ५० एमएमच्या एकाच लेन्सवर काढायचे आणि उजेड माझ्या पाठीशी घ्यायचा नाही, समोर घ्यायचा, म्हणजे फोटोतल्या माणसाच्या मागून. फेब्रुवारी निम्मा सरला, तेव्हा हिशोब मांडतो. पैशाच्या कामांना हा नियम नव्हता. तरी तिथंही तो घुसलाच.

आधी ताराबाई रोड. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारातून पश्चिमेला बाहेर पडलं की समोर हा रस्ता. किरणोत्सवात मावळतीची किरणं इकडूनच आत जातात: पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आत फोटोला बंदी आहे आणि मला आतला फोटो नकोच होता. किरणं देवीपर्यंत पोचायच्या आधी वाटेत कुणाकुणावर पडतात, ते टिपायचं होतं. भाजीवाल्या मावशी, फुलांच्या पाट्या, हारवाल्याच्या हातातला ओला दोरा.

१० नोव्हेंबरला गेलो आणि पुरता फसलो. ३८० फ्रेम मारल्या, ठेवण्यासारखी एकही नाही. सूर्य समोर, मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) ऑटोवर. मीटरला काय, समोर जे असेल ते मधल्या राखाडीवर आणून बसवायचं एवढंच कळतं. आभाळ फ्रेममध्ये जास्त आलं की माणसं कोळसा, माणसं जास्त आली की आभाळ पांढरं फटक. मधलं काही नाही.

पण या उत्सवाची एक गंमत आहे. १० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी येतो आणि ३१ जानेवारी बरोबर ४१ दिवस नंतर. म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जाऊन परत जवळपास त्याच जागी मावळायला येतो, म्हणूनच किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो. आपल्यासारख्यांना ही फुकटची फेरपरीक्षा. कोन तोच, घड्याळ मात्र साधारण अर्धा तास पुढं. ३१ जानेवारीला सगळं मॅन्युअलवर ठेवून गेलो. मावशींच्या खांद्यावर जी उजेडाची कड पडते, तिच्यावर एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) धरलं आणि बाकीचं जेवढं काळं होईल तेवढं होऊ दिलं. ४६ फ्रेम, त्यातल्या ३ ठेवल्या. सगळ्यात आवडलेल्या फ्रेममध्ये मावशी कोथिंबिरीवर पाणी शिंपडतायत, चेहरा अंधारात आहे आणि बोटांतून सुटलेला प्रत्येक थेंब पेटल्यासारखा दिसतोय. फोकस थोडा हुकलाय. तरी तीच.

दुसऱ्या दिवशी ढग आले. हारवाल्याकडं उभा राहून चहा पिऊन परत.

आता कामं. जानेवारीत गूळ विकणाऱ्या एका कंपनीचं काम मिळालं. पॅकिंग आणि वेबसाइटसाठी गुऱ्हाळाचे फोटो हवे होते. 'स्वच्छ, प्रसन्न, पारंपरिक' अशी तिन्ही विशेषणं मेलमध्ये एका ओळीत होती. गुऱ्हाळात पहाटे पाचला शिरलो. बाहेर बोटं वाकत नव्हती एवढी थंडी आणि आत चुलवाणात, म्हणजे मोठ्या भट्टीत, उसाच्या चिपाडाचा धडधडता जाळ. पहिली चूक दारातच झाली. बॅगेतून गार कॅमेरा काढला आणि थेट काहिलीवर, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, धरला. लेन्स क्षणात दूधकाचेसारखी. पुसली की परत तेच. शेवटी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावली, बॅग चुलवाणापासून दहा फुटांवर ठेवली आणि वीस मिनिटं नुसता बसून राहिलो. अशा जागी लेन्सपुढं काचेचा फिल्टर लावाच. ती वाफ नुसत्या पाण्याची नसते, घरी येऊन बघितलं तर काचेवर चिकट पापुद्रा. फिल्टर नळाखाली धुता येतो, लेन्स येत नाही.

त्या वीस मिनिटांचा फायदा झाला. कुठल्या वेळी काय होतं ते कळलं. रस तापायला लागला की भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते, ती काढत राहतात. तोवर वाफ दाट, सगळं गुडूप. मळी सरली, रस आटायला लागला की वाफ विरळ होते आणि काहिलीत सोनेरी बुडबुडे फुटायला लागतात. ही वेळ. वरच्या पत्र्याच्या फटीतून आठच्या सुमारास उन्हाची एक तिरीप आत येत होती. मी तिच्या समोर गेलो, म्हणजे तिरीप माझ्याकडं, मध्ये वाफ, पलीकडं काजळीनं काळी झालेली भिंत. वाफ उजळ दिसायला दोनच गोष्टी लागतात, मागून उजेड आणि मागे काळं. काळी भिंत बघून मीटर एक्स्पोजर वाढवायला सांगत होता. ताराबाई रोड आठवला. मीटर सांगत होता त्याहून दीड स्टॉप कमी उजेड घेतला. शटर १/२५० सेकंद, एफ २.८, आयएसओ ८००.

गूळ करणारे गुळव्या मामा अर्ध्या बाहीच्या बंडीत, हातात फावडं. गूळ उतरायला आला की नाही हे ते थर्मामीटर न लावता सांगतात. चार थेंब गार पाण्यात सोडायचे, बोटांत गोळी वळली आणि भांड्यावर आपटून टणटण वाजली की झालं. मी त्या बोटांच्या पाठी लागलो होतो, अगदी जवळ. तेवढ्यात मामा म्हणाले, "पावनं, बाजूला व्हा आधी. तुमच्या फोटूसाठी गूळ थांबत न्हाई. करपला तर मालक मला इचारणार, तुम्हाला न्हाई."

झालो बाजूला. काहील कलंडली, वाफ्यात (गूळ गार करायच्या उथळ हौदात) गूळ पसरला आणि तो उतरतानाचा धबधबा मी बाजूला उभं राहिल्यामुळंच पूर्ण फ्रेममध्ये मिळाला. कंपनीनं मात्र निवडला पांढऱ्या कापडावर ठेवलेला एक किलोचा चौकोनी गूळ, जो मी दुपारी दहा मिनिटांत उरकला होता. असो. बिल मंजूर आहे, पैसे 'प्रोसेसमध्ये' आहेत.

लग्नाच्या कामाबद्दल थोडक्यात, कारण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. मंगलाष्टकं चालू, आवाज नको म्हणून मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर, स्पीड १/४०० सेकंद. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मी खूश. रात्री बघतो तर नवरीच्या तोंडावरून आडवे काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं कार्यालयातले स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. सायलेंट शटर चित्र ओळीओळीनं वाचतो, म्हणून काही ओळी तेज उजेडातल्या, काही मंद. तिथं मेकॅनिकल शटर आणि १/१०० हवं होतं. स्टेजमागच्या एलईडी वॉलचा रिफ्रेश वेगळा असतो, तिथं १/१०० सुद्धा दर वेळी वाचवत नाही, म्हणून आधी चार फ्रेम मारून झूम करून बघणं हाच इलाज. जोडीला आलेल्या मित्राच्या मेकॅनिकल शटरवाल्या जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यानं माझी अब्रू राखली. त्याला त्या दिवसाच्या मानधनाशिवाय दोन तांबडा-पांढरा थाळ्या दिल्यात.

रोजच्या फोटोंत यंदा गंगावेशीतला दूधकट्टा आला. संध्याकाळी म्हशी येतात, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात, ग्लासात चार बोटं फेस. इथंही मागून उजेड घेऊन बघितला, पण ग्लास स्टीलचा, उजेड आरपार जाणार कुठून! चार संध्याकाळी गेल्यावर डोक्यात आलं की ग्लास नाही, धार धरायची. पांढरी धार, मागं म्हशीचं काळं पोट. ५० एमएमनं एवढ्या जवळ जाता येत नाही आणि म्हैस पाय झाडते, त्यामुळं हा अजून जमलेला नाही.

आणि गुळव्या मामा. त्यांचा मला आवडलेला फोटो वाफेतला, नुसती आकृती आणि हातातलं फावडं. मोठी प्रिंट काढून हौसेनं घेऊन गेलो. त्यांनी लांब धरली, जवळ धरली. "ह्यात मी हाय कुठं?"

मग भर दुपारी, ऊन थेट त्यांच्या तोंडावर, अंगणात खुर्चीवर, फेटा बांधून, हात गुडघ्यांवर असा काढला. नियमाच्या सरळ उलट. तो आता गुऱ्हाळातल्या वजनाच्या वहीच्या वर खिळ्याला टांगलाय. फ्रेमवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. काजळी बसते म्हणाले.