आमची वाटचाल: तीन कुपे आणि दोन लिफ्ट

माझे वडील दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. रविवारी शेजारपाजारचे लोक दादांकडे स्कूटर घेऊन यायचे, क्वचित कुणाची फियाट असायची. मालक बॉनेट उघडून आवाज कसा येतो ते सांगत उभा असायचा आणि दादा गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलेले असायचे. "आधी खाली जायचं," एवढंच ते मला सांगत.

आज श्टुटगार्टच्या पूर्वेला, रेम्स नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी आमचं छोटं गॅरेज आहे. गाड्या उचलायच्या दोन लिफ्ट आहेत आणि आम्ही चौघं जण. काम मुख्यतः तीन गाड्यांचं: बीएमडब्ल्यूची ६३५ सीएसआय, मर्सिडीजची एसईसी आणि पोर्शची ९२८. या तिन्ही गाड्या आमच्या स्वतःच्याही आहेत, म्हणून यांच्याबद्दल मी मेकॅनिक म्हणून बोलतो तितकाच मालक म्हणूनही बोलतो.

आपल्याकडे कुपे म्हटलं की रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोघांचा डबा आठवतो. या गाड्यांना तो शब्द अगदी चपखल बसतो. दोन दारं, पुढे ऐसपैस दोन माणसं, मागे लहान मुलं किंवा बॅगा, आणि एका दमात सहा-सातशे किलोमीटर जाऊन संध्याकाळी ताजंतवानं उतरायचं. सकाळी श्टुटगार्ट, ब्रेनरची खिंड ओलांडून दुपारी इटलीत गार्डा सरोवराच्या काठी. असल्या प्रवासासाठी त्या काळच्या जर्मन डॉक्टर-वकील-कारखानदारांनी या गाड्या घेतल्या, आणि तिन्ही कंपन्या त्याच गिऱ्हाइकासाठी झगडत होत्या. बीएमडब्ल्यूची सहा-मालिका, म्हणजे ६३५ ज्यातली ती, १९७६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. पुढच्याच वर्षी त्याच प्रदर्शनात पोर्शने ९२८ मांडली. मर्सिडीजकडे तोवर १९७१ पासूनची एसएलसी होती. एसईसी त्यांनी १९८१ साली फ्रँकफुर्टला आणली.

आम्ही इथे आलो ते बायकोमुळे. २००० साली जर्मनीने सॉफ्टवेअरवाल्यांसाठी ग्रीन कार्डची योजना काढली, तिला श्टुटगार्टमध्ये नोकरी मिळाली, आणि पिंपरीतली नोकरी सोडून मी तिच्यामागे आलो. माझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, पण कामाची परवानगी मिळेपर्यंत भाषा शिकण्याशिवाय काही करता येत नव्हतं. नंतर एका जुन्या गॅरेजात लागलो. तिथले मालक श्वाबन होते, म्हणजे अस्सल इथले. या भागात एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की रागावले नाहीत म्हणजे पुरेसं कौतुक झालं. पहिली दोन वर्षं मला तेवढंच कौतुक मिळालं. तिसऱ्या वर्षी त्यांनी एका ६३५ च्या व्हॉल्व्हची फट जुळवायचं काम माझ्याकडे सोपवलं.

हे काम मला फार प्रिय आहे, म्हणून जरा सांगतो. या गाडीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, बारा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह दाबणारी दांडी म्हणजे रॉकर. प्रत्येक रॉकरच्या टोकाला एक छोटी विकेंद्री चकती असते आणि तिला बारीक भोक. इंजिन पूर्ण थंड असताना नट सैल करायचा, भोकात वाकवलेल्या तारेचं टोक घालायचं, दुसऱ्या हाताने फट मोजायची ०.३० मिलिमीटरची फीलर पट्टी फटीत सरकवायची, आणि पट्टी किंचित अडत अडत सरकते तिथे नट आवळायचा. आवळताना चकती हटकून थोडी फिरते, की पुन्हा पहिल्यापासून. बाराही व्हॉल्व्ह झाल्यावर इंजिन चालू केलं की शिलाई मशीनसारखा एकसारखा, मऊ आवाज येतो. त्या तारेसाठी कंपनीचं हत्यार मिळतं, पण मी सायकलच्या चाकाची तार वाकवून वापरली. दादांच्या पेटीत तशा वाकवलेल्या तारा कायम असायच्या. मालकांनी ती हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता परत दिली.

गॅरेज काढायला जर्मनीत नुसता हातखंडा पुरत नाही. मोटार दुरुस्ती हा मास्टरची पदवी लागणारा व्यवसाय आहे. आधी कारागिराची परीक्षा, मग मास्टरची. त्यात तंत्राबरोबर हिशेब, कायदा आणि शिकाऊ मुलांना शिकवणं, सगळं येतं. दिवसा काम, संध्याकाळी वर्ग, असं करत २०१० मध्ये ती पार पडली आणि २०११ च्या वसंतात आम्ही एका बंद पडलेल्या सुतारखान्याची जागा भाड्याने घेतली. सुरुवातीला एकच लिफ्ट होती. पहिली चार वर्षं घरभाडं बायकोच्या पगारातून गेलं. आज सुट्या भागांची सगळी खरेदी, पत्रव्यवहार आणि हिशेब तिच्याकडे आहे, आणि एसईसीचे पार्ट नंबर तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

वेळ आम्हाला लाभली. इथे गाडी तीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात नीट राखलेली असली की नंबरच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. मग वर्षाला सरसकट १९१.७३ युरो कर, आणि शहरातल्या प्रदूषण-नियंत्रित भागातही जायला मोकळीक. श्टुटगार्टमध्ये अशा भागाचा नियम २००८ पासून आला, त्यामुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या गाड्यांचे मालक ‘एच’ची वाट बघत होते. आम्ही शटर उघडलं त्याच वर्षी पहिल्या एसईसींना तीस वर्षं पूर्ण होत होती.

पण आमचं नाव झालं ते एका फसवणुकीतून. २००८ मध्ये, परीक्षेचा अभ्यास चालू असताना, मी स्वतःसाठी १९८३ ची हिरवी ६३५ घेतली. डिसेंबरची संध्याकाळ, पाऊस, विक्रेत्याच्या आवारातले पिवळे दिवे. रंग आरशासारखा. ते शार्कसारखं पुढे झुकलेलं नाक बघून माझं भानच हरपलं. दादांनी वीस वर्षं घोकून घेतलेली एक गोष्ट मी त्या दिवशी केली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर घेतली आणि जॅक लावायच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. दाराखालचा पत्रा आतून संपला होता. वरून पुट्टी, पुट्टीवर रंग. पुढच्या मडगार्डांच्या मागे मातीचा ओला लगदा साचून तिथेही भोकं पडली होती. चौदा महिन्यांचे शनिवार त्या पत्र्यात गेले. आतला आणि बाहेरचा सांगाडा कापून नवा जोडला, पोकळ्यांमध्ये गरम पातळ केलेलं मेणचट ग्रीस फवारलं. ते ग्रीस उन्हाळ्यात आजही थेंब थेंब गळतं आणि गळायलाच हवं, कारण त्याचा अर्थ ते अजून सांध्यांमध्ये झिरपतंय.

त्यानंतर ओळखीचे लोक म्हणू लागले, गाडी घ्यायच्या आधी तू येऊन बघ. आज आमच्या कमाईचा मोठा भाग या तपासणीचा आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र, टॉर्च, आरसा आणि गाडी उचलायची सोय, एवढ्यावर दोन तास लागतात. मूळ रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. हजाराच्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे. एकदा ९२८ बघायला गेलो होतो, तिथे दुसरे एक गिऱ्हाईक खिशातलं लोहचुंबक दाराला लावून बघत होते. चुंबक चिकटेना. सगळं दार पुट्टीचं आहे म्हणत ते रागाने निघून गेले. ९२८ ची दारं, बॉनेट आणि पुढची मडगार्ड ॲल्युमिनियमची असतात, आणि उरलेला पोलादी सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला. ती गाडी आमच्या गिऱ्हाइकाला मिळाली, आणि इतकी निरोगी गाडी मी क्वचित पाहिली आहे.

आता तिन्हींची तुलना. आकडे बघायचे तर ६३५ चे २१८ हॉर्सपॉवर, ५०० एसईसीचे २३१, आणि ४.७ लिटरच्या ९२८ एसचे ३००. त्या काळची मासिकं यावरच निकाल द्यायची. मालकाला मात्र हे आकडे वर्षातून दोनदा आठवतात. त्याला रोज भेटतो तो गाडीचा स्वभाव, आणि पुढे तिचं दुखणं.

श्टुटगार्टहून उल्मकडे जाताना ए-८ महामार्गावर आल्ब डोंगररांगेचा चढ लागतो. डोंगराला चिकटून दोन अरुंद लेन, आपल्या खंडाळ्याची आठवण देणारा. प्रत्येक गाडी दुरुस्तीनंतर मी तिथे नेतो. ६३५ त्या चढावर जिवंत होते. इंजिन जितकं वर फिरवाल तितकं खुलतं, आणि बोनेटपलीकडचं ते नाक वळणात शिरताना दिसत राहतं. एसईसीला चढ लागल्याचं कळतच नाही. दारांच्या मध्ये खांब नाही, चारही काचा खाली केल्या की पुढून मागपर्यंत एकच मोकळी खिडकी होते, आणि आत दोन माणसं हळू आवाजात बोलू शकतात. ९२८ चं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास सारखं. घाटातल्या लांब वळणात ती ज्या शांतपणे बसते तशी दुसरी कुठलीच बसत नाही. पोर्शच्याच जुन्या ९११ ची जागा घ्यायला म्हणून ती केली होती, ९११ च्या चाहत्यांनी तिला कधी आपलं म्हटलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९७८ साली युरोपातली वर्षातली सर्वोत्तम मोटार ठरलेली ती गाडी आहे.

आता दुखणी. ६३५ ला गंज खातो, इंजिन नाही. इंजिनात एक गोष्ट सांभाळायची: व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर तेल शिंपडणारी नळी ज्या बोल्टवर असते तो सैल होतो, आणि मग कॅम कोरडा चालून झिजतो. व्हॉल्व्ह तपासताना पाच मिनिटांत बघून होतं.

एसईसीचं इंजिन अमर म्हणतात, आणि त्यावर विश्वास ठेवून मी आयुष्यातली मोठी चूक केली. २०१३ मध्ये एका गिऱ्हाइकाची ५०० एसईसी आली होती. सकाळी थंड इंजिन चालू करताना दोन सेकंद खडखड. मला वाटलं टॅपेटचा आवाज आहे, तेल बदलून गाडी परत दिली. तिसऱ्या दिवशी फोन आला. कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून धावते त्या वयाने ठिसूळ होतात. एक तुटली, तुकडा चेनखाली आला, चेन दात सोडून पुढे सरकली आणि एका बाजूचे व्हॉल्व्ह वाकले. मी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितलं की चूक माझी. मजुरी घेतली नाही, सामानाचा अर्धा खर्च सोसला. त्या वर्षी गॅरेज बंद करावं लागेल असं बायकोने वहीत मांडून दाखवलं होतं. ते गृहस्थ आजही आमच्याकडे येतात. तेव्हापासून पट्ट्या बदलल्याचा कागद नसलेली एसईसी व्हॉल्व्हचं झाकण उघडल्याशिवाय आमच्या दाराबाहेर जात नाही.

९२८ ला चेनऐवजी लांबलचक दातेरी बेल्ट आहे आणि तोच पाण्याचा पंपही फिरवतो. पंप अडकला की बेल्ट गेला, आणि चार-चार व्हॉल्व्हच्या नंतरच्या इंजिनांत बेल्ट गेला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून बेल्ट, पंप, रोलर सगळं एकदम बदलायचं, ताण मोजायच्या खास यंत्राने बसवायचा, आणि दीड-दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजायचा. ऑटोमॅटिक गाडीत आणखी एक जागा: गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्याचा पकड-बोल्ट सरकला की दांडा क्रँकशाफ्टला पुढे ढकलत राहतो आणि सबंध इंजिन निकामी होऊ शकतं. बोल्ट सैल करून ताण मोकळा करायला तासभर पुरतो. कितीतरी मालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

लोक मला सरळ विचारतात, कुठली घेऊ? मीही सरळ सांगतो. वर्षातून चार लांबचे प्रवास करणार असाल, घरच्यांना घेऊन, तर एसईसी. स्वतःच्या हाताने काम करायची आवड असेल तर ६३५, पण पत्रा बघूनच, इंजिनाकडे भुलून नाही. आणि पहिल्या दिवशी बेल्ट-पंपासाठी पैसे बाजूला ठेवायची तयारी असेल तर ९२८, कारण तिघींत सगळ्यात नीट विचार करून बांधलेली तीच आहे. ते पैसे नसतील तर तिला हात लावू नका, तिचे हाल होतात.

मागच्या सप्टेंबरात दादा पहिल्यांदाच इकडे आले. एसईसीत बसले, दार लावलं, आणि बाजूने तो छोटा हात सरकत येऊन सीटबेल्ट त्यांच्या खांद्यापाशी धरून उभा राहिला. त्यांनी बेल्ट घेतला, हात मागे जाताना बघत राहिले, आणि मला पुन्हा एकदा दार उघडून लावायला सांगितलं. नंतर ६३५ च्या दाराखाली बोटाची गाठ वाजवत पुढून मागे गेले. सगळीकडे सारखा आवाज आला तेव्हा माझ्याकडे बघून फक्त "हं" म्हणाले.

९२८ लिफ्टजवळ उभी होती. मी किल्ली पुढे केली. त्यांनी किल्ली खिशात टाकली, चष्मा पुसला आणि विचारलं, "वर घे रे. खालून कशी आहे ते आधी दाखव."