नकाशातली कोरी गल्ली

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती आणि मी आशा सेविका म्हणून एका शाळेतल्या पूरग्रस्तांच्या छावणीत होते. खायला भरपूर येत होतं, पण बहुतेक बिस्किटं आणि फरसाण. शुगरच्या मावशी दोन दिवस त्यावरच. "ताई, गोळ्यांचा डबा फडताळातच राहिला गं." कुठली गोळी? "पांढरी, बारकी." पांढरी बारकी गोळी बीपीची असते, शुगरची असते, थायरॉईडचीही असते. काय देणार?

पाणी उतरल्यावर मी ड्रॉइंग पेपरवर माझ्या भागाचा नकाशा काढला. नावं नाहीत, फक्त घरं. कपाळाच्या टिकल्या आणल्या: लाल बीपीला, निळी शुगरला, हिरवी इन्सुलिनला. भिंतींवर गाळाची रेघ जिथवर दिसली, तिथवर पेन्सिलीची रेघ.

जुन्या वाड्यांच्या बोळात टिकल्यांची दाटी झाली. नदीकडची एक गल्ली मात्र जवळजवळ कोरी. मला बरं वाटलं होतं, कष्टाची माणसं, धडधाकट असणार. मग घरभेटींची वही उघडली. त्या गल्लीपुढं ओळीनं 'कुलूप, कुलूप, कुलूप'. मी जायचे सकाळी अकराला. तेव्हा पुरुष मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांखाली नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत, बायका विश्रामबागेत धुण्याभांड्याला. वाड्यांमधली पेन्शनर मंडळी घरीच. त्यांचं वयही जास्त. सी-बॅक फॉर्ममध्ये, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांची जोखीम मोजायच्या आमच्या फॉर्ममध्ये, साठीच्या पुढच्या माणसाला नुसत्या वयाचेच ४ गुण पडतात.

मग संध्याकाळी साडेसातनंतर जायला लागले. एक हमाल दादा, वय ३८, बीपी १७०/११०. "मला काय झालंय? पोती उचलतोय की रोज!" त्यांना पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेवढंच आलं. डॉक्टरांकडं मी स्वतः घेऊन गेले. बीपी दुखत नाही, म्हणून दवाखान्यासाठी कुणी एक दिवसाची हजेरी बुडवत नाही, आणि मला याचंच फार वाईट वाटतं.

आता टिकली लावण्याआधी मी तपासलेली माणसं मोजते. तिशीच्या पुढचे किती, त्यातले भेटले किती, हे घराशेजारी लिहिते. जे घर भेटलंच नाही तिथं पेन्सिलीनं फुली मारते, म्हणजे ते निरोगी दिसत नाही.

जूनमध्ये पेन्सिलीच्या रेघेखालची घरं आधी घेते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळच्या खुंटीला. हिरव्या टिकलीच्या घरांना मडक्याचं सांगते: वीज गेली की ओल्या वाळूत मडकं, त्यात इन्सुलिन, झाकण घट्ट. पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. मी ४० ची वाट बघत नाही.

त्या गल्लीत अजून नऊ फुल्या आहेत. रविवारी जाणार आहे.