पुरात आमचा सोलर बंद का पडला? – आमची वाटचाल

आम्ही सांगलीचे. 2009 ला मी आणि माझा मेव्हणा (तो वायरमन, मी सेल्समन, दोघांकडे मिळून एक बाइक) सोलर वॉटर हीटर विकायला लागलो. तांब्याच्या पाइपवाले घेतले, दिसायला दणकट, पण आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे काय सांगायचं, दीड-दोन वर्षात क्षार बसून पाइप तुंबले आणि गिऱ्हाईकं दारात. मग काचेच्या नळ्यांवर आलो. क्षार त्यातही धरतोच पण नळी काढून धुता तरी येते.

2015 ला राज्यात नेट मीटरिंगचे नियम आले, म्हणजे दिवसा जास्तीची वीज लाईनला द्यायची आणि ती बिलातून वजा होणार. पुढच्याच वर्षी सांगलीतल्याच गावभागातल्या एका काकांकडे वीज तयार करणारा पहिला 3 किलोवॅटचा सोलर प्लँट बसवला. तेव्हा 315 वॅटची 10 पॅनल लागली होती, आज 540 ची 6 लावली की काम होतं. काकांचं बिल एवढं उतरलं की ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून दाखवायचे, आम्हाला कधी पाम्प्लेट छापावं लागलं नाही.

आणि मग ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, गावभाग पाण्यात, लाईट तर कधीच गेलेली. पाऊस जरा उघडला तसा काकांचा फोन, "अरे लख्ख ऊन पडलंय, पॅनल कोरडं ठणठणीत आहे, आणि घरात मोबाईल चार्ज होईना, 8 टक्के बॅटरी राहिलीय, काय करू?" मी गप्प. कारण करण्यासारखं काहीच नव्हतं. ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करून लाईनला जोडणारं मशीन) लाईन गेली की मुद्दाम स्वतःहून बंद पडतो, नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसायचा. मशीन बरोबर होतं हो, चूक आमची, हे विकताना आम्ही सांगितलंच नव्हतं. कोटेशनमध्ये लिहिलं असेल कुठेतरी बारीक अक्षरात, पण ते कोण वाचतंय.

त्या आठवड्यात तसे बरेच फोन आले. काही लोक आजही बोलत नाहीत.

तेव्हापासून गिऱ्हाईकाकडे गेलं की पहिलं वाक्य हेच, "लाईट गेली की हा पण जाणार, चालेल का?" नसेल चालत तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाईट गेली तरी बॅटरीवर चालणारा) आणि लिथियम बॅटरी घ्या, खर्च बराच वाढतो, आणि त्यावरही फॅन, लाईट, फ्रिज एवढंच धरा, गीझर नाही. मेव्हणा म्हणतो तू धंदा घालवतोस. काही ऑर्डरी गेल्या पण खरंच.

2024 ला केंद्र सरकारची गच्चीवरच्या सोलरसाठी सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, आणि दुकानं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. स्वस्तात देतात, पण पातळ पत्र्याचं स्ट्रक्चर आणि अर्थिंगच्या नावाने बोंब. दुसऱ्यांनी बसवलेले प्लँट दुरुस्त करायला आता आम्हाला बोलावतात.

आणखी एक सांगतो, जे कुठल्या ट्रेनिंगला शिकवत नाहीत. आपल्याकडे उसाचा सीझन लागला की फडातल्या पाचटाची काळी राख उडत येऊन पॅनलवर बसते आणि विजेची युनिट कमी पडायला लागतात. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. म्हणून सीझनभर आम्ही सगळ्यांना व्हॉट्सॲप टाकतो, सकाळी लवकर, पॅनल गार असताना साध्या पाण्याने धुवा, भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आणि वाळवण! उन्हाळ्यात कुरडया, सांडगे घालायची जागा आपण पॅनलखाली घेतो, सावलीत कसलं वाळवण. दोन ऑर्डरी नुसत्या यावरून मोडल्यात, काका तयार, काकू नाही. आता माप घ्यायच्या आधी काकूंनाच विचारतो, कोपरा कुठला सोडू.

गावभागातल्या काकांनी गेल्या वर्षी हायब्रिड करून घेतला, आमच्याकडूनच. आता त्यांच्या मुलीच्या घरची गच्ची बघायला जायचंय. वेळ संध्याकाळी 5 ची दिलीय, पापड काढून झाल्यावर.