ताबा घेण्याआधी घराची तपासणी: रत्नागिरीतला माझा अनुभव

कोकणात नवं घर बिघडतं ते पाण्यामुळे आणि खाऱ्या हवेमुळे. ताब्याच्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही, दिसतो तो ताजा रंग. म्हणून समुद्रापासून जवळच असलेल्या रो हाऊसची तपासणी स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरकडून करून घेतली, तीही मे महिन्यात, पावसाच्या आधी.

माणूस निवडताना चार गोष्टी आधी विचारल्या. उपकरणं कोणती आणणार? गच्चीवर पाणी साठवणार का? अहवालात प्रत्येक दोषाचा फोटो, जागा आणि मोजमाप असेल का? दुरुस्तीनंतरची दुसरी फेरी फीमध्येच धरली आहे का? तासाभरात घर फिरून ‘काम चांगलं आहे’ असं लिहून देणारे बरेच भेटतात, त्या कागदाचा बिल्डरपुढे काही उपयोग होत नाही. बिल्डरला तपासणीची तारीख लेखी कळवली आणि त्याचा सुपरवायझर हजर राहील असं पाहिलं. नंतर ‘हे तुम्हीच फोडलंत’ हा वाद उरत नाही.

पाण्याच्या चाचण्या पहिल्याच दिवशी लावायच्या, कारण त्यांना वेळ लागतो. बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपला चिंधी आणि प्लास्टिकचा बोळा घट्ट बसवून इंचभर पाणी साठवलं, पातळीवर पेन्सिलने खूण केली आणि ४८ तासांनी खालच्या खोलीचं छत पाहिलं. गच्चीवर पाण्याची तोंडं विटा आणि चिकणमातीने बंद करून ७२ तास पाणी ठेवलं. इथे एक सावधगिरी: ५० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन, तेव्हा त्याहून जास्त साठवू नये. गळती बहुधा स्लॅबच्या मधून होत नाही. ती होते कठड्याच्या मुळाशी, जिथे वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार) नीट मारलेला नसतो, आणि पाइप स्लॅबमधून जातो तिथे. आमच्याकडे दुसरी जागा सापडली: पाइपाभोवतीचं भोक नुसत्या सिमेंटने बुजवलं होतं. ते आकसतं आणि फट पडते. आकसत नाही असं ग्राउट (फटी भरायचं पातळ मिश्रण) तिथे भरायला हवं.

खिडक्यांना पाण्याची नळी लावायची ती खालून वर. आधी उंबरठ्याच्या फटीवर दहा मिनिटं, मग बाजू, शेवटी वरची फट. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना दुप्पट वेळ द्यावा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, हे बोट फिरवून पाहायचं. ती नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाखालून सरळ भिंतीवर येतं.

ओलावा मोजणाऱ्या सुयांच्या मीटरवर किनाऱ्याजवळ आंधळा विश्वास नको. भिंतीत लोणा असेल तर क्षारामुळे वीज सहज वाहते आणि कोरडी भिंतही ओली दाखवते. थर्मल कॅमेराही पाणी पाहत नाही, फक्त तापमानातला फरक पाहतो. म्हणून आमच्या इंजिनिअरने पश्चिमेची भिंत उन्हं उतरल्यावर पाहिली आणि शंका आली तिथेच गिलाव्याला छोटं भोक पाडलं.

जांभ्याच्या चिऱ्याची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जिथे भिडतात तिथे उभी बारीक भेग हमखास येते, कारण दोन्ही वेगवेगळ्या मापाने फुगतात-आकसतात. गिलाव्याआधी सांध्यावर कोंबडी जाळी मारलेली असली तर ती टळते. नंतर नुसती लांबी भरून रंग दिला की पुढच्या उन्हाळ्यात तीच भेग परत दिसते. खाच पाडून लवचीक सीलंट भरणं हाच उपाय.

सळई हा खरा काळजीचा विषय. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटला सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, आणि निदान एम ३० प्रतीचं काँक्रीट हवं. कव्हर मीटर फिरवल्यावर बाल्कनीच्या तुळईखाली अवघे २५ मिलिमीटर निघाले. कव्हर ब्लॉक न लावता गवंड्याने दगडाच्या चिपा ठेवल्या की असं होतं. मागाहून वरून पॉलिमर मॉर्टरचा थर आणि क्लोराइड, म्हणजे सळई गंजवणारा मिठातला क्षार, अडवणारा लेप एवढंच करता येतं. वाळू खाडीची वापरल्याचा संशय असेल तर काँक्रीटचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. क्लोराइड दर घनमीटरला ०.६ किलोच्या आत असायला हवं. नुसत्या रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर आपटून त्याचा कठीणपणा दाखवणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यावरून काँक्रीट चांगलं ठरवू नये, आणि तो गिलाव्यावर तर मारूच नये.

लाद्या काठीने ठोकून पाहिल्या. पोकळ आवाज येतो तिथे खाली सिमेंटचे चार-पाच ठिपके देऊन लादी दाबलेली असते. ग्रिलचे स्क्रू लोखंडी असतील तर ॲल्युमिनियमच्या चौकटीत ते दोन पावसाळ्यांत गंजतात; स्टेनलेस स्टीलमध्येही ३१६ प्रत मागा, ३०४ वर समुद्राजवळ तपकिरी डाग येतात. विजेत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटणाने पडतो का ते पाहायचं आणि अर्थिंग मीटरने मोजून घ्यायचं. जांभा खडकाळ आणि कोरडा, मेमध्ये आकडा चढाच येतो. पण तेव्हा बरोबर आला तर वर्षभराची चिंता मिटते.

अहवालात दोष तीन गटांत मागून घेतले: रचनेचे, पाण्याचे, दिसण्याचे. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा, याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत रचनेचा, कारागिरीचा किंवा सेवेतला दोष कळवला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो, तेव्हा तपासणी त्याच मुदतीत बसवावी. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरची किंवा आठ घरांपर्यंतची योजना नोंदणीतून सुटते, आणि कोकणातल्या कित्येक छोट्या योजना याच आकाराच्या. अशा वेळी दोष दुरुस्तीची मुदत आणि राखून ठेवायची रक्कम करारातच लिहून घ्यावी.

दुसरी फेरी ऑगस्टमध्ये झाली. दुरुस्त केलेल्या जागांवर ओल दिसली तर तिच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख टाकायची. आठवड्याने ओल रेघेबाहेर गेली असेल तर पाणी अजून आत येतंय, आत सरकली असेल तर भिंत वाळतेय.