मावशीचा ‘परत आलेला’ मोतीबिंदू

चवथीला डिचोलीला आले होते. गणपतीच्या वरची फळा-पानांची माटोळी बांधून झाली, तशी मावशी वर बघत डोळे किलकिले करून म्हणाली, “गो, माझा मोतीबिंदू परत आला वाटतं. तू तिकडे डोळ्यांचंच बघतेस ना? बघ बरं जरा.”

मोतीबिंदू परत येत नाही. शस्त्रक्रियेत ढगाळलेलं भिंग काढतात, पण त्याच्यामागची पातळ पिशवी ठेवतात, कारण नवं भिंग तिच्यातच बसवायचं असतं. पुढे कधीतरी त्या पिशवीवर पेशी पसरतात आणि पुन्हा धुकं दाटतं. उपाय याग लेझरचा: पिशवीच्या मधोमध छोटीशी खिडकी पाडायची. टाका नाही, पट्टी नाही. अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात हे माझं नेहमीचं काम. डिचोलीत मात्र मावशीच्या डोळ्यात टॉर्च मारून “डॉक्टरांकडे जाऊया” एवढंच सांगितलं.

“म्हणजे तू दोतोर न्हय?” मावशीचा प्रश्न अगदी रास्त.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. आपल्याकडे आम्ही डोळे तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स देतो. लेझर आणि सुरी नेत्रतज्ज्ञांकडे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही तसंच आहे. ओक्लाहोमाने १९९८ साली कायदा करून आम्हाला काही लेझर करायची मुभा दिली, मग २०११ला केंटकीने, २०१४ला लुइझियानाने. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मात्र तिथेही आमच्याकडे नाही. कायद्याच्या बाजूने पहिला मुद्दा असतो अंतराचा. ओक्लाहोमात आपला गोवा जवळजवळ ४९ वेळा बसेल. माझ्याकडे येणारे कितीतरी म्हातारे दोन-दोन तास गाडी हाकत येतात.

इथली पदवी घेऊन गेले होते, तरी तिथे पुन्हा ओ.डी., म्हणजे तिथली ऑप्टोमेट्रीची पदवी, करावी लागली. लेझर त्यातच शिकले. ज्यांची पदवी जुनी आणि राज्यातला कायदा नवा, त्यांच्यासाठी वेगळे कोर्स असतात. केंटकीत तो ३२ तासांचा. सराव प्लास्टिकच्या डोळ्यांवर, आणि टाके घालायला डुकराचे पाय. (आईने एवढं वाक्य सोडून द्यावं.)

खरी मेख फोकसमध्ये आहे. लेझर पिशवीच्या किंचित मागे रोखायचा असतो. जरा पुढे सरकला की नव्या भिंगावर खड्डा पडतो, आणि तो जन्मभराचा. प्लास्टिकचा डोळा हलत नाही, खोकत नाही, मध्येच “झालं का?” विचारत नाही. पहिल्या जिवंत डोळ्यापुढे बसले तेव्हा हाताला घाम सुटला होता, बटण दाबायला मला इतका वेळ लागला की शेवटी पेशंटच म्हणाला, “सावकाश होऊ द्या.” शिवाय काम तिथे संपत नाही. डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून थोड्या वेळाने तो पुन्हा मोजायचा. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं किंवा नवे काळे ठिपके तरंगू लागले, तर लगेच यायला बजावायचं. तशी तक्रार घेऊन कुणी आलं की तो डोळा रेटिना बघणाऱ्या डॉक्टरांचा.

अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांचा या कायद्यांना कडवा विरोध आहे. त्यांचं म्हणणं, ही मंडळी हात बसेपर्यंत करतात कुठे? याच कायद्यावर पोट भरत असूनही मला तो प्रश्न खोटा वाटत नाही. कॅलिफोर्नियाच्या २०२२च्या विधेयकात जिवंत माणसांवर ४३ प्रक्रिया करून दाखवायची अट होती, तरी प्रशिक्षण अपुरं म्हणत गव्हर्नरांनी सही केली नाही. ४३ पुरे की नाही यावर वाद घाला हवा तर, पण किती तास बसलात यापेक्षा किती डोळे केलेत हे विचारणं मला पटतं.

गोव्यात अंतराचा मुद्दा तसा लंगडाच. उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळ्यापर्यंत गेलात तरी दिवस मावळत नाही. आम्ही दुसऱ्याच दिवशी मावशीला घेऊन पणजीला गेलो.

“नातेवाईकांनी बाहेर थांबा,” नर्स म्हणाली. मावशीची पर्स आणि छत्री सांभाळत मी बाकावर बसले. पडद्यापलीकडून लेझरची टक्, टक् ऐकू येत होती आणि मी बोटांवर मोजत होते. २४ झाल्या आणि थांबल्या.

२४ म्हणजे वाईट नाही. माझा पहिला डोळा बराच लांबला होता.

मावशी बाहेर आली, रुमालाने डोळा टिपला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “एवढंच? ह्याच्यावरून भांडतात ते तिकडे?”