हळद्या बघताना पिवळा सोडा, काजळ बघा

हळद्या पक्षी दिसला की सगळ्यांची नजर आधी पिवळ्यावर जाते, साहजिकच आहे म्हणा. पण आपला भारतीय हळद्या आणि युरेशियन हळद्या यांचे फोटो शेजारी ठेवले तर तो पिवळा काही कामाचा नाही, नर दोघांचेही तसेच भडक. बघायचं ते डोळ्याजवळचं काळं. युरेशियन नराचा काळा पट्टा चोचीपासून निघतो आणि डोळ्यापाशी संपतो, आपल्या नराचा डोळा ओलांडून मागे जातो, काजळ घालताना बोट जरा जास्तच ओढलं गेल्यासारखा. झूम करून एवढं बघितलं तरी नराचं काम बऱ्यापैकी होऊन जातं. खात्री करायची तर मिटलेला पंख बघा, काळ्या पिसांच्या कडा आपल्याकडे जास्त रुंद पिवळ्या असतात. चोचही थोडी लांब, पण एकटा पक्षी समोर असताना "थोडी लांब" कशाच्या मानाने म्हणायची?

मला सगळ्यात भारी वाटतो तो पंखांचा आकार. युरेशियनवाला उन्हाळ्यात युरोप ते पश्चिम आशियाच्या पट्ट्यात घरटं करतो आणि थंडीला थेट सहारा ओलांडून आफ्रिका गाठतो, म्हणून त्याचे पंख लांब नि टोकदार. आपला मध्य आशिया आणि उत्तर भारतात वीण करून थंडीत दक्षिणेकडे सरकतो, प्रवास त्यामानाने जवळचा, त्यामुळे पंख आखूड आणि गोलसर. म्हणजे कोण किती लांब जातो ते पंखावरच लिहिलेलं असतं, फक्त पानांच्या गर्दीत बसलेला असताना ते दिसत नाही ही गोष्ट वेगळी!

गंमत म्हणजे आपल्या पक्ष्याला कुंडू हे शास्त्रीय नाव मिळालं १८३२ मध्ये, दख्खनचे पक्षी नोंदवणाऱ्या कर्नल साइक्सकडून. पुढे तो कित्येक वर्षं युरेशियनचीच उपजात म्हणून गणला गेला, मग २००५ मध्ये दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या रासमुसेन आणि अँडरटन यांनी त्याला वेगळी जात धरलं आणि आता पक्ष्यांच्या बहुतेक याद्यांमध्ये तो स्वतंत्रच आहे. मला हे पटतं, कारण फरक एकाच पिसाचा नाहीये, पट्टा, पंख, चोच सगळंच थोडं थोडं वेगळं आहे.

माद्यांचं मात्र विचारू नका. दोघीही हिरवट, पोटावर रेघा, तरुण नरही जवळपास तसलेच दिसतात, आणि ते काजळ एवढं फिकं की पट्टा कुठे संपला यावर अर्धा तास वाद घालता येतो. मी तर सरळ ठिकाण नि महिना बघतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो.