शंखद्वीपची निवडणूक आम्ही घेतली, त्याची गोष्ट

फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मी राज्यशास्त्र शिकवतो. राजा असलेल्या देशातही लोक मतदान करतात, सरकार पाडतात, पंतप्रधान बदलतात, हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला: ‘मग राजा करतो काय?’ या वर्षी चवथीच्या सुट्टीनंतर आम्ही या प्रश्नाला हातच घातला. बारावी कलाशाखेच्या मुलांनी शंखद्वीप नावाचं एक राज्य कल्पिलं, त्याची राज्यघटना लिहिली आणि अख्ख्या शाळेला मतदार करून सार्वत्रिक निवडणूक घेतली. असं काही करायचं कुणाच्या मनात असेल, तर हा अनुभव उपयोगी पडेल.

सुरुवात आम्ही गोव्यापासूनच केली. आपल्या गावचे लोक एका राजाच्या संसदेत निवडून गेले होते, हे बहुतेक मुलांना ठाऊक नव्हतं. पोर्तुगालमध्ये घटनात्मक राजवट आल्यावर १८२२ साली गोव्यातून लिस्बनसाठी तीन प्रतिनिधी निवडले गेले, त्यांत बर्नार्दो पेरेस द सिल्वा होते. पुढे १८६० साली नावेलीचे फ्रान्सिश्कु लुईश गोमिश निवडून गेले. मताधिकार तेव्हा मूठभरांनाच होता, बाईला तर नव्हताच. १९१० साली पोर्तुगालचा राजा गेला आणि तो काळ संपला. हे ऐकल्यावर वर्गातली कुजबुज थांबली. विषय परका राहिला नाही.

दुसरं उदाहरण भूतानचं. तिथे २००८ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, पण त्याआधी २००७ मध्ये साऱ्या देशाने सरावाची निवडणूक घेतली होती. पक्ष लुटुपुटीचे, नावं रंगांची: निळा, हिरवा, लाल, पिवळा. प्रत्येकाला जाहीरनामा दिलेला. अंतिम फेरीत पिवळ्याने ४७ पैकी ४६ जागा घेतल्या, कारण पिवळा हा तिथे राजाचा रंग. लोकांनी जाहीरनामा वाचण्याआधी रंग पाहिला. आमच्या मुलांनी यावरून लगेच नियम केला: शंखद्वीपचा राजध्वज निळा, आणि निळा रंग कुठल्याही पक्षाने पोस्टरवर, फितीवर, कशावरच वापरायचा नाही. पक्षांना चिन्हं दिली होडी, माड, कंदील आणि चाक. गोव्यातल्या खऱ्या पक्षांची आठवण येईल असं चिन्ह, रंग किंवा घोषणा चालणार नाही, हे मात्र मी स्वतः ठरवलं. मुलांच्या घरी सगळ्या पक्षांचे लोक आहेत. ती भांडणं वर्गात नकोत.

खरं काम होतं घटना लिहिण्याचं. त्यातही सर्वांत जास्त वेळ एका कलमाने खाल्ला: कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर सरकार बनवायला कुणाला बोलवायचं? मी त्यांच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. ब्रिटनमध्ये पुढाऱ्यांनी आपसांत ठरवेपर्यंत राजा वादापासून लांब राहतो. २०१० साली तसंच झालं. स्वीडनने १९७४ च्या घटनेत राजाला यातून पूर्ण मोकळं केलं आणि पंतप्रधानाचं नाव सुचवण्याचं काम सभापतीकडे दिलं. बेल्जियममध्ये राजा माणसं नेमतो, ती सगळ्या पक्षांशी बोलून गणित जुळवतात. पण २०१०-११ मध्ये तिथे सरकार बनायला ५४१ दिवस लागले. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘सर, मुदत घालूया.’ घटनेत तीन दिवसांची मुदत आली ती अशी.

मग एकाने २०१७ चा विषय काढला. तो निघणारच होता. ४० जागांच्या गोवा विधानसभेत काँग्रेसला १७, भाजपला १३. राज्यपालांनी भाजपच्या नेत्याला बोलावलं, कारण त्यांच्याकडे इतर पक्षांच्या आणि अपक्षांच्या पाठिंब्याची पत्रं होती. सर्वोच्च न्यायालयाने लगेच सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि १६ मार्चला ठराव २२ विरुद्ध १६ मतांनी जिंकला गेला. बरोबर की चूक, यावर मी वर्गात मत दिलं नाही. मी एवढंच म्हटलं, की आज तुमच्यातल्या कुणालाच माहीत नाही की उद्या तो सर्वांत मोठा पक्ष असेल की तीन छोट्यांपैकी एक. म्हणून नियम आजच लिहा. निकाल लागल्यावर लिहिलेला नियम कुणाचा ना कुणाचा तरी असतो. शेवटी ठरलं ते असं: आधी सर्वांत मोठ्या पक्षाला एक दिवस, तेवढ्यात जमलं नाही तर पुढच्याला. पाठिंबा सह्यांच्या पत्रावर, आणि शपथेनंतर दुसऱ्याच दिवशी सभागृहात विश्वासदर्शक ठराव.

सरकार बडतर्फ करण्याचा अधिकार राजाला द्यावा, असं काहींना वाटत होतं. ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ रोजी राणी एलिझाबेथच्या प्रतिनिधीने, म्हणजे गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी, निवडून आलेल्या व्हिटलम सरकारला घरी पाठवलं, ती हकीकत वाचल्यावर ते कलम मुलांनीच खोडलं.

राजा कोण, हे चिठ्ठी टाकून ठरवलं. राजघराण्यात जन्म घेणं हाही नशिबाचाच भाग. अकरावीतली एक मुलगी राणी झाली. ब्रिटनचा राजा मतदान करत नाही, तसं तिलाही मत नाही, प्रचारात पाऊल नाही, वर्गात निवडणुकीवर बोलणं नाही. पहिल्या दिवशी तिला हे सोपं वाटलं. प्रचार तापल्यावर तिच्या जवळच्या मैत्रिणी दोन पक्षांत वाटल्या गेल्या आणि दोघींना तिचं मत हवं होतं. कँटीनमध्ये तिने त्यांना सांगितलं, ‘मला कोण आवडतं ते विचारू नका. मी सांगितलं तर उद्या माझा निर्णय कोण मानेल?’ ही समज तिला पाठ्यपुस्तकातून आली नव्हती.

मतदान एकाच दिवशी, चित्रकलेच्या वर्गात झालं. मतपत्रिका शाळेच्या झेरॉक्सवर काढल्या, बोटाला मार्कर पेनाची खूण केली, मतपेटी म्हणजे पुठ्ठ्याचं सीलबंद खोकं. शिक्का एका मुलाने खोडरबरावर कोरला. रंगीत तालमीत त्याचा साधा फुली शिक्का वापरला, तेव्हा ओल्या शाईचा ठसा घडीच्या पलीकडेही उमटला आणि मूळ खूण कुठली ते कळेना. भारतीय मतपत्रिकेवरच्या शिक्क्यात बाण एकाच दिशेने वळलेले असतात ते याचसाठी. उलटा ठसा उलट वळलेला दिसतो. त्या मुलाने रात्री नवा शिक्का कोरून आणला. त्यातला प्रत्येक बाण ब्लेडच्या टोकाने काढलेला, कडा अजिबात न फाटलेल्या. मी तो आमच्या कपाटात जपून ठेवलाय.

मतमोजणीची पद्धत मुद्दामच वेगळी घेतली होती. एका मतदारसंघात एक विजयी ही आपली पद्धत मुलांना पाठ आहे. आम्ही अख्खा देश एकच मतदारसंघ धरला, १५ जागा, आणि बेल्जियन कायदेतज्ज्ञ व्हिक्टर डाँट यांच्या पद्धतीने वाटप. प्रत्येक पक्षाच्या मतांना क्रमाने १, २, ३, ४ असं भागत जायचं आणि सर्वांत मोठे १५ भागाकार निवडायचे. ज्या पक्षाचा भागाकार, त्याची जागा.

मतं पडली ३१५. पहिल्या मोजणीत होडी १२७, माड ९५, कंदील ५९, चाक २१, बाद १३. फळ्यावर भागाकार मांडत गेलो तसा गलका वाढत गेला. चौदा जागा झाल्या, आणि पंधराव्या जागेसाठी माडाचा पाचवा भागाकार १९, तर होडीचा सातवा १८.१४. होडीचा पोलिंग एजंट ताडकन उठला. त्याने बाद मतं पुन्हा दाखवायची मागणी केली, आणि ती योग्यच होती. होडीला सहा मतं जास्त मिळाली असती तर १३३ भागिले ७, म्हणजे बरोबर १९, बरोबरी झाली असती.

तेराही पत्रिका टेबलावर एकेक करून उलगडल्या. पाच कोऱ्या, सहांवर दोन-दोन शिक्के. उरलेल्या दोहोंत शिक्का होडीच्या चौकटीच्या रेषेला चाटून गेलेला, पण बहुतेक भाग आत. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत बाद करायचं नाही, हा आपल्याकडच्या मतमोजणीचा नियम आम्ही घटनेत घेतला होता. चारही एजंटांनी वाकून पाहिलं, माडाच्या मुलीने सर्वांत आधी मान डोलावली. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं, कारण त्या दोन मतांनी तोटा झाला असता तर तिच्याच पक्षाचा. होडी १२९. सातवा भागाकार १८.४३. माडाची जागा कायम राहिली.

अंतिम निकाल होडी ६, माड ५, कंदील ३, चाक १. बहुमताला ८ हवे. ‘आमी जिखले!’ म्हणत होडीवाल्यांनी कॉरिडॉरमध्ये मिरवणूक काढली, पण त्यांच्यातल्या हुशार मुलांचे चेहरे उतरले होते. त्यांना बेरीज कळली होती.

ठरल्याप्रमाणे राणीने आधी होडीच्या नेत्याला बोलावलं. त्याच्यापाशी एक दिवस होता. चाक आलं तरी सातच होत होते, कंदिलाशिवाय गाडं पुढे जाणार नव्हतं, आणि कंदिलाची मागणी वाचनालय शनिवारी दुपारीही उघडं ठेवण्याची होती. होडीच्या जाहीरनाम्यात तो वेळ मैदानाला दिला होता. त्याने शब्द फिरवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो राणीकडे गेला, ‘माझ्याकडे संख्या नाही’ म्हणाला आणि परत आला. कुणी सांगितलं नसताना हे त्याने केलं. मोठ्या पक्षाचा नेता कसा असावा, असं मला कुणी विचारलं तर मी या मुलाचं उदाहरण देईन.

माड आणि कंदील यांनी आठ सह्यांचं पत्र दिलं. सभागृहात ठराव ८ विरुद्ध ७ ने संमत झाला.

मग राणीचं भाषण. ते मंत्रिमंडळाने लिहिलं होतं, तिने फक्त वाचायचं. आपल्याकडेही राज्यपालांचं अभिभाषण सरकारच लिहून देतं. शनिवारच्या वाचनालयाचं वाक्य आलं. ती स्वतः शाळेच्या खो-खो संघात आहे, मैदानाचा वेळ गेला तर नुकसान तिचंच. ‘माझं सरकार शनिवारी दुपारी वाचनालय उघडं ठेवील,’ हे वाक्य तिने बाकीच्या वाक्यांइतक्याच स्पष्ट आवाजात वाचलं. राजा करतो काय, या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, पण ते इतकं नीट मला कधी देता आलं नव्हतं.

शेवटच्या तासाला घटनादुरुस्ती झाली. भागाकार समान आले तर काय, याची तरतूद नव्हती. भारतातल्या निवडणूक कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकायची, असं कलम घातलं. सभागृह १५ ऐवजी २१ जागांचं केलं तर निकाल बदलला असता का, हे पाहायला मुलं तासानंतरही थांबली. तीच मतं, तेच भागाकार, आणखी सहा जागा: होडी ९, माड ७, कंदील ४, चाक १. बहुमताला ११ लागतात. माड आणि कंदील मिळून पुन्हा नेमके ११.